दारच्या भिंतीवरील चित्रें : मुखेडकडील कांहीं विचार

महाराष्ट्रांतील भित्तिचित्रें म्हटलीं म्हणजे आपल्या वाचकांच्या मनांत दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक अजिंठा, दुसरी मराठेशाहीच्या उत्तरकाळांतील वाडे, म्हणजे मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि त्यांसारखे आणखी कांहीं. ह्या दोहोंच्या मधल्या दीर्घ काळांत, अथवा वाड्यांच्या नंतरच्या दोनशें वर्षांत, महाराष्ट्रांतील भिंती कोऱ्या होत्या असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आपल्या लेखनांत त्या कोऱ्याच राहिल्या आहेत. ज्या चित्रांस जुनेपणाचा मान नाहीं आणि ज्यांच्यामागें राजाश्रयाचें नांव नाहीं तीं चित्रें पाहण्याजोगीं असतात काय, व असल्यास तीं कशीं पाहावींत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

ज्या मुखेडांत बसून आम्ही हें लिहीत आहों तें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मराठी, कानडी व तेलुगु ह्या तीन भाषांचा शेजार ह्या भागास आहे. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत असल्यामुळें उर्दू ही चौथी. गांवांतील दशरथेश्वराचें देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचें मानलें जातें आणि तेथील शिल्पांमुळें तें अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु त्या देवळाकडे ज्या गल्ल्यांतून जावें लागतें त्या गल्ल्यांतील भिंतींकडे पाहण्याची चाल आपणांत नाहीं. त्या भिंतींवर लग्नघरचा गणपति असतो, नागपंचमीस काढलेला नाग असतो, शाळेच्या आवारांत नकाशे व बाराखडी असते, आणि कचेरीच्या कुंपणावर सरकारी उपदेश चित्ररूपानें उभा असतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं अशा चित्रांची परीक्षा अजिंठ्याच्या मापानें करूं नये आणि गांवठी म्हणून तीं सोडूनहि देऊं नयेत. त्यांची कसोटी एकच, ती औचित्याची. चित्र कोणत्या भिंतीवर आहे, कोणासाठीं आहे, आणि त्या जागेचें काम तें करतें कीं नाहीं, हें पाहावें. ही कसोटी आम्हीं नवी काढलेली नाहीं. ती आपल्या शास्त्रांतच आहे.

अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून औचित्य हें काव्याचें जीवित ठरविलें. कमरपट्टा गळ्यांत घातला व हार कमरेस बांधला तर दोन्ही अलंकार मौल्यवान असूनहि पाहणारा हंसतो, अशा आशयाचा त्याचा दृष्टांत संस्कृताच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. काव्याहूनहि हें तत्त्व भित्तिचित्रास अधिक लागू पडतें. काव्य पोथींतून कोठेंहि नेतां येतें. भिंत हलत नाहीं. जें जागेस बांधलेलें आहे त्याचा गुण जागा सोडून सांगतांच येत नाहीं.

विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्रानें हें स्पष्ट मांडलें आहे. राहत्या घरांत शृंगार, हास्य व शांत ह्या रसांचींच चित्रें असावींत. इतर रसांस राजसभेंत आणि देवालयांत जागा आहे, असा तेथील निर्णय. त्याच ग्रंथांत पाहणाऱ्यांचेहि वर्ग केले आहेत. आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार छायेची, स्त्रियांस भूषणें आवडतात आणि इतर जनांस रंगांची समृद्धि. स्त्रियांविषयींचें मत आज कोणी मानूं नये; परंतु एकाच चित्रापुढें अनेक प्रकारचे डोळे उभे राहतात आणि चित्रकारानें त्या सर्वांचा हिशेब ठेवावा, हें त्यांतील मर्म भर रस्त्यावरील भिंतीस जितकें लागू आहे तितकें राजवाड्याच्या चित्रशाळेसहि नाहीं.

बौद्धांचा विचार तर याहूनहि सूक्ष्म आहे. मूलसर्वास्तिवाद्यांच्या विनयग्रंथांत, विहार बांधून दिल्यावर कोठें कोणतें चित्र काढावें असें अनाथपिंडदानें बुद्धास विचारल्याची कथा आहे. दारावर हातांत दंड घेतलेला यक्ष, प्रवेशाच्या ओसरीवर भवचक्र, भोजनशाळेंत अन्न घेतलेले यक्ष, पाण्याच्या जागीं पात्रें घेतलेले नाग, रुग्णांच्या खोलींत रोग्याची शुश्रूषा करणारे स्वतः तथागत, आणि शौचाच्या जागेपाशीं स्मशान, अशी ती वांटणी आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत भवचक्र ओसरीच्या भिंतीवरच आहे, हें वाचकांस स्मरतच असेल. म्हणजे ज्या अजिंठ्यास आपण केवळ कलेचें तीर्थ मानतों त्याच्या परंपरेंतच, जेवणें, पाणी भरणें व आजारी पडणें ह्या रोजच्या व्यवहारांच्या भिंतींस चित्र देण्याचा विचार होता. रोजची जागा ही चित्रास कमीपणा आणणारी गोष्ट आहे, हा समज मागाहूनचा आहे.

आतां मुखेडच्या शेजारीं येऊं. ज्या कल्याणीच्या चालुक्यांशीं दशरथेश्वराच्या देवळाचा संबंध जोडला जातो त्याच कुळांतील तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) हा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ ह्या ग्रंथाचा कर्ता. ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ सालीं आणि दुसरा १९३९ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत निघाला. त्यांतील चित्रप्रकरणांत भिंत गुळगुळीत कशी करावी, म्हशीचें कातडें लोण्यासारखें मऊ होईपर्यंत शिजवून वज्रलेप कसा करावा, तो पांढऱ्या मातींत मिसळून भिंतीस लेप कसे द्यावे, काजळ व शिजलेला भात मळून रेखाटण्याची वर्तिका कशी वळावी, हें सर्व कारागिराच्या भाषेंत सांगितलें आहे. आरशांतील प्रतिबिंबासारखें हुबेहुब तें विद्धचित्र, पाहतांच रसाची प्रतीति देणारें तें भावचित्र, रंगांच्या पुडींनीं काढलेलें तें धूलिचित्र, असे भेदहि तेथें आहेत. धूलिचित्र म्हणजे आपली रांगोळीच. सिंहासनावर बसलेल्या राजानें अंगणांतील रांगोळीस चित्रशास्त्रांत जागा दिली. मग लग्नघरच्या भिंतीस आपल्या टिपणवहींत जागा देण्यास आपण कां लाजावें?

ही कसोटी हातीं घेऊन प्रथम लग्नघराची भिंत पाहूं. लग्नापूर्वीं घरास रंग देऊन दर्शनी भिंत पेंटराकडून लिहून घेण्याची चाल मराठवाड्यांत व विदर्भांत पुष्कळ ठिकाणीं आहे. गणेशपट्टीच्या वर गणपति, दोन्ही बाजूंस सोंडेंत माळ धरलेले हत्ती अथवा भालदार-चोपदार, केळीचे खांब, नारळ ठेवलेला कलश, ‘शुभविवाह’ हीं अक्षरें, आणि खालीं चि. व चि. सौ. कां. ह्या उपपदांसह वधूवरांचीं नांवें व लग्नाची तारीख. कचेरींतल्या अथवा शहरांतल्या माणसास ह्यांत ठराविकपणा दिसेल. पण तो ठराविकपणा मंगलाचरणाचा आहे. पोथीच्या आरंभीं ‘श्रीगणेशाय नमः’ लिहिलें म्हणून लेखकास प्रतिभा नव्हती असें कोणी म्हणत नाहीं.

औचित्यानें पाहिलें तर ह्या भिंतीची रचना फार विचाराची आहे. गणपति उंबरठा ओलांडणाराच्या डोक्यावर येतो. हत्तींचीं तोंडें दाराकडे असतात, त्यामुळें रस्त्यानें जाणाऱ्याची नजर आपोआप दाराशीं जाऊन थांबते. आमंत्रण अक्षरांपूर्वीं चित्रानेंच दिलें जातें. पेंटर तीच कुंची अक्षरासाठीं वापरतो व तीच सोंडेसाठीं, म्हणून अक्षराचें वळण आणि हत्तीचें वळण एका हाताचें दिसतें. हा गुण छापील पत्रिकेंत नाहीं. मेणवलीच्या वाड्यांतील चित्रें मालकाच्या दालनांत आहेत आणि तीं पाहण्यास आंत जावें लागतें. लग्नघराचें चित्र बाहेर तोंड करून उभें असतें व तें न बोलाविलेल्याचेंहि असतें. वाड्याचें चित्र वैभव सांभाळतें. हें चित्र वार्ता सांगतें. दोहोंचीं कामें भिन्न, म्हणून दोहोंचे गुणहि भिन्न.

संशोधकाच्या दृष्टीनें ह्या भिंतीचें मोल आणखी एका गोष्टींत आहे. ती दिनांकित आहे. वाड्यांतील किती चित्रांवर काळाचा स्पष्ट उल्लेख सांपडतो? येथें चित्राखालींच तारीख, घराणें आणि पुष्कळदां पेंटराची सही असते. एका गांवांतील अशा वीस भिंतींच्या नोंदी केल्या तर नांवें ठेवण्याच्या चालींत, उपपदांच्या वापरांत, लिपीच्या वळणांत आणि रंगांच्या निवडींत कसा फरक पडत गेला तें दशकवार मांडतां येईल. ज्यांनीं शिलालेखांच्या अक्षरवटिकेवरून शतकें ठरविलीं आहेत त्यांस ह्याचें महत्त्व सांगावयास नको.

दोष नाहींत असें नव्हे. अलीकडे वधूवरांचे चेहरे छापील चित्रांवरून उतरविण्याची हौस वाढली आहे. आमचा आक्षेप उतरविण्यास नाहीं. नक्कल ही पोथीचीहि प्रकृति आहे, आणि छापील दैवतचित्रांवरून गांवोगांवच्या पेंटरांनीं पुष्कळ चांगलें काम केलें आहे. प्रश्न इतकाच, कीं नक्कल करणारानें आपल्या भिंतीकडे पाहिलें कीं नाहीं. हातांत धरून पाहण्याच्या चित्रांतील बारीक छाया दहा हातांवरून पाहावयाच्या भिंतीवर घातली तर चेहरा मळका दिसतो. तेथें ठसठशीत रेषाच हवी. चित्रसूत्रानें आचार्यांची आवड म्हणून रेषेचें नांव घेतलें, तें दारच्या भिंतीवर सर्वांचेंच हित ठरतें.

दुसरी भिंत शाळेची. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ ह्या नांवानें जीं चित्रें काढलीं जातात त्यांविषयीं आम्ही, आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेल्यामुळें, कांहीं अधिकारानें बोलूं शकतों. इमारतीसच शिक्षणाचें साधन करावें हा विचार त्यांच्यामागें आहे आणि तो उत्तम आहे. दाराच्या पायाशीं जमिनीवर कोनमापक काढलें, म्हणजे दार उघडतां उघडतां मुलास काटकोन कळतो. चौकटीवर उंचीची पट्टी काढली, म्हणजे सेंटिमीटर अंगास लागतो. पायऱ्यांवर अंक लिहिले, म्हणजे चढतांना बेरीज व उतरतांना वजाबाकी होते. ह्यांत चित्र असें थोडें. पण औचित्य पूर्ण. विनयग्रंथानें पाण्याच्या जागीं पात्रें घेतलेले नाग सांगितले, त्याच जातीची ही बुद्धि आहे.

परंतु ह्याच शाळांच्या भिंतींवर बाराखडी छताखालीं आणि नकाशा मोठ्या माणसाच्याहि डोक्यावर काढलेला पुष्कळदां आढळतो. पहिलीच्या मुलाची दृष्टि जमिनीपासून दोन-अडीच हातांवर असते. त्याच्यासाठीं काढलेलें चित्र जर तपासणीस आलेल्या साहेबाच्या डोळ्यांसमोर ठेवलें असेल, तर तें कोणासाठीं काढलें हें भिंतच सांगते. अशा चित्रांत रंग कितीहि सुरेख असोत, आम्ही त्यांस उणेंच म्हणूं. दुसरा दोष पाठाचा. पोथींतील अशुद्ध अक्षर एका वाचकास फसवितें. शाळेच्या भिंतीवरील अशुद्ध शब्द दरवर्षीं नव्या वर्गास फसवितो, आणि तो रंगानें लिहिलेला असल्यामुळें मुलास तोच प्रमाण वाटतो. गुरुजींनीं आपली लेखणी पेंटराच्या कुंचीपूर्वीं चालवावी. पेंटरास दोष देऊं नये. लेखकानें दिलेली प्रत जशी, तशी लिपिकाराची.

तिसरी भिंत कचेरीची व रस्त्याकडेची. येथें आम्हांस तक्रार करणें प्राप्त आहे. गेल्या कांहीं वर्षांत सर्व महाराष्ट्रांत, मराठवाडा धरून, सरकारी भिंतींवर गेरूच्या रंगाची पट्टी मारून तिजवर पांढऱ्या वारली आकृति काढण्याची प्रथा पडली आहे. वारली चित्र हें ठाणें-पालघरकडील वारली समाजाचें. लग्नांत घराच्या आंतल्या भिंतीवर, गेरूच्या पोतावर तांदळाच्या पिठानें चौक काढतात; त्यांत पालघाट देवी असते; आणि तो काढण्याचा अधिकार सुवासिनींचा. डहाणूकडील जिव्या सोमा मशे (मृत्यु २०१८) ह्यांनीं हें चित्र कागदावर आणून जगापुढें ठेवलें आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातांत परंपरा वाढली, कारण तिचें व्याकरण त्यांस ठाऊक होतें. आमच्याकडील कचेरीच्या कुंपणावर मात्र देवी नाहीं, लग्न नाहीं, सुवासिनी नाहींत. तारप्याभोंवतीं नाचणाऱ्या आकृतींची सांखळी तेवढी उरली आहे. मंत्रांतील अक्षरें घेऊन त्यांची वेलबुट्टी करावी तसा हा प्रकार झाला. मेखला गळ्यांत पडली ती अशी.

ह्यावर कोणी म्हणेल, कीं परक्या मुलुखाची कला आपल्या भिंतीवर आली तर बिघडलें काय? आमचें उत्तर असें. परकेपणाचा दोष नाहीं. चालुक्यांच्या देवळांच्या घडणींतहि कर्नाटकाचा हात आहे. दोष विसरण्याचा आहे. ज्या भागांत चार भाषांचीं अक्षरें भिंतीवर लिहूं शकणारे हात तयार झाले, जेथें लग्नघरचा हत्ती व पंचमीचा नाग आहे, तेथील कचेरीस भिंत सजवावयाची झाल्यास दाराबाहेरील पेंटराची आठवण होऊं नये, ह्याचें वाईट वाटतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. हीं चित्रें टिकत नाहींत. दिवाळीपूर्वीं चुना, दुसऱ्या लग्नापूर्वीं नवा रंग, निवडणुकीपूर्वीं पक्षाची खूण, आणि सर्वांवर ताण म्हणजे फ्लेक्स, कीं ज्यामुळें भिंत रंगविण्याचें कामच पेंटराच्या हातून गेलें आहे. म्हणून कांहीं वाचक विचारतील, कीं जें स्वभावानेंच क्षणिक आहे त्याची चिंता संशोधकानें कां वाहावी?

ह्याला दोन उत्तरें आहेत. पहिलें हें, कीं आपल्या संग्रहांतील सर्वांत मोलाचीं साधनें अशींच क्षणिक कामासाठीं लिहिलेलीं होतीं. रोजकीर्द, ताळेबंद, निरोपाची चिठी, ह्यांपैकीं कोणतेंहि पुढच्या पिढीसाठीं लिहिलेलें नव्हतें. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड काढला तेव्हां पुष्कळ घरांत असले कागद रद्दी म्हणून पडले होते. आज त्यांवाचून आपला इतिहास उभा राहत नाहीं. दुसरें उत्तर अजिंठ्याचें. रॉबर्ट गिल ह्यांनीं १८४४ पासून केलेल्या अजिंठ्याच्या नकला बहुतेक सर्व १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्या; मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स ह्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं १८७२ पासून केलेल्या नकलांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं तशाच आगींत जळाल्या. तरी मूळ भिंती शिल्लक होत्या, म्हणून निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी ह्यांस १९३० पासून त्यांचे ग्रंथ नव्यानें काढतां आले. आपल्या दारच्या भिंतींस ही सोय नाहीं. तेथें मूळ हेंच आधीं जातें. नक्कल राहिली तर तेवढीच राहील.

जतनाच्या उत्साहांत भिंतीस इजा होऊं नये हेंहि सांगितलें पाहिजे. १९२०-२२ ह्या काळांत निजाम सरकारनें अजिंठ्याच्या चित्रांसाठीं इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटणारा गिलावा धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. परंतु चित्रांवर दिलेलें लाखेचें वार्निश पुढें पिवळें पडलें आणि तें काढण्याचें काम मागच्यांच्या पदरीं आलें. म्हणून घरमालकास ‘रंग देऊं नका’ असा आग्रह करूं नये व भिंतीवर कांहीं लावूंहि नये. घर त्याचें आहे, लग्न त्याच्या मुलीचें आहे. जुनें चित्र झांकून नवें काढणें हा ह्या परंपरेचा प्राणच आहे. आपलें काम नोंदीचें.

नोंद कशी करावी, तर पोथीची करतों तशीच. भिंतीची दिशा लिहावी. चित्राची लांबी, रुंदी व जमिनीपासूनची उंची मोजावी. पाहणारा कोठें उभा राहतो तें लिहावें. भिंतीवरील मजकूर ओळींप्रमाणें, अशुद्धासह, जसाच्या तसा उतरावा. आपल्या हातानें सुधारूं नये. रंग कशाचा, चुन्यांतला कीं तेलांतला, हें विचारावें. पोपडा उडाला असल्यास खालचा थर किती रंगांचा आहे हें पाहावें, पण नखानेंहि खरवडूं नये. पेंटर हयात असल्यास त्याच्याकडून काम कोणाजवळ शिकला, हत्तीचा आकार कोठून घेतला, हें ऐकून ठेवावें; कारण आकृतींची वंशावळ ही प्रतींच्या वंशावळीसारखीच शोधतां येते. छायाचित्र समोरून एक व रस्त्यावरून एक घ्यावें. समोरच्या छायाचित्रांत चित्र कळतें, रस्त्यावरच्या छायाचित्रांत औचित्य.

आपल्यापैकीं पुष्कळजण पोथ्यांच्या शोधांत खेडोपाडीं हिंडतात. ओसरीवर बसून बस्ता सोडविण्याची वाट पाहतांना घासाघीस होते, चहा होतो, तास-दोन तास जातात; आणि तेवढ्यांत बाहेर शिडी लावून कोणी गडी त्याच घराच्या दर्शनी भिंतीवर चुन्याचा हात फिरवीत असतो. आंतली पोथी दोन महिन्यांनींहि मिळेल. यापुढें अशा घरीं गेल्यावर चपला काढण्यापूर्वीं दारची भिंत एकदां पाहून, मोजून, टिपून घ्यावी, आणि मग आंत जावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.